‘जेवलीस का?’

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि फोन टेबलावर पालथा ठेवून बसली. बोलता बोलता तो तीनदा थरथरला. चौथ्यांदा तिने तो उचलून माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, “मॅडम, यात वाईट काय आहे ते तुम्हीच सांगा. मला सापडत नाहीये.”

स्क्रीनवर तिच्या गाइडचे, म्हणजे पीएचडीच्या मार्गदर्शक सरांचे, मेसेज होते. ‘जेवलीस का?’ ‘आज गप्प होतीस.’ ‘पिवळा रंग तुला शोभतो.’ ‘झोपलीस?’ वेळा साडेदहा ते पावणेबारा, सगळ्या रात्रीच्या. प्रत्येकाखाली तिचं उत्तर एकच: ‘हो सर’ आणि जोडलेल्या हातांचं चित्र.

एकेक मेसेज सुटा काढला तर हातात खरंच काही लागत नाही. जेवलीस का हे आपल्याकडे आत्याही विचारते आणि सोसायटीचा वॉचमनही. पण आत्याच्या सहीवाचून कुणाची फेलोशिप अडत नाही.

मी तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवते. बी.एस्सी.ला ती माझ्या वर्गात होती. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आमच्या महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीवर मी तीन वर्षं काढली आहेत. जुने लोक तिला अजून ‘विशाखा समिती’च म्हणतात, १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून. तिच्या विद्यापीठाच्या समितीशी मात्र माझा काही संबंध नव्हता. इथे लिहितेय ते तिच्या बाजूला बसून पाहिलेलं. तिने ते वाचलं, दोन ठिकाणी खोडलं आणि मग होकार दिला. गाव, वर्षं आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. वनस्पतिशास्त्र तेवढं राहू दिलंय, कारण पावसाळा वाया जाणं म्हणजे काय हे त्याशिवाय कळणार नाही.

तिचा विषय कोकणातल्या सड्यांवरची गवतं. जांभ्या दगडाचे हे सडे उन्हाळ्यात तव्यासारखे तापलेले, उजाड असतात आणि पावसात त्यावर डायमेरिया, इस्कीमम अशी गवतं उगवतात. ती ओळखायची तर फुलोऱ्यात सापडावी लागतात. म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढेच दिवस. ते हुकले की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

पहिल्या वर्षी गाइडविषयी तिच्याकडे चांगलंच सांगण्यासारखं होतं. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, त्यांनी ओळ न् ओळ वाचून दिला. गवताचं कणीस उकलून बघायला स्वतःचं दहापट भिंग दिलं. घरातली पहिलीच पीएचडीला गेलेली मुलगी, वडील शेतकरी. त्यांचा प्रत्येक फोनवर एकच धोशा: सरांचं ऐक.

दुसऱ्या वर्षी मेसेज सुरू झाले. मग वाढदिवसाला अत्तर. मग गाडीत, बाकीच्या दोघा विद्यार्थ्यांना एसटीने पुढे पाठवून, घरचं रडगाणं: “मला घरी कुणी समजून घेत नाही. तू घेतेस.” मग ‘एकटे असताना सर म्हणू नकोस’. एका सड्याच्या उतारावर शेवाळावरून पाय घसरला तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. ते पुढे सपाटीवर आल्यावरही सोडलं नाही. किती वेळ? “मॅडम, मी मनात बारा आकडे मोजले.” हे सांगताना तिने स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने झाकलं होतं आणि तिला ते कळलंही नव्हतं.

यात एक गोष्ट माझ्याही उशिरा ध्यानात आली. सरांच्या या मर्जीमुळे प्रयोगशाळेत ती एकटी पडली होती. तिचा ड्राफ्ट आधी वाचला जातो, तिला गाडीतून नेतात, म्हणजे ही ‘सरांची लाडकी’. बरोबरीच्या मुलींनी तिला चहाला बोलावणं बंद केलं. सांगायचं म्हटलं तरी ऐकणारं जवळ कुणी उरलं नव्हतं. पुढे साक्षीदार कोण, हा प्रश्न आला तेव्हा याची किंमत कळली.

घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी वडील सामान घ्यायला आले असते आणि दिवाळीत लग्न उरकलं असतं.

पहिली चूक माझी. मी तिला पिढ्यान् पिढ्या चालत आलेला सल्ला दिला: लग्न ठरतंय म्हणून सांग, आपोआप मागे हटतील. तिने सांगितलं. सर मागे हटले नाहीत. मुलगा काय करतो, फोटो दाखव, लग्नानंतर तुझं संशोधन कोण सांभाळेल, अशी चौकशी सुरू झाली. सबब पुढे केली की समोरचा सबबीवर तोडगा काढत बसतो. शिवाय मी नकळत तिला हेच शिकवलं होतं की तिच्या नकाराला दुसऱ्या पुरुषाचा आधार लागतो. ही चूक मला अजून बोचते.

मग आम्ही बसून आधी सह्यांचा हिशेब मांडला. तिला नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ ही फेलोशिप होती, महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. दर महिन्याचं कन्फर्मेशन विभागातून जायचं. सहामाही प्रोग्रेस रिपोर्टवर गाइडची सही. दोन वर्षं पुरी झाली की एसआरएफ ही वरची फेलोशिप, म्हणजे ४२,०००. त्या अपग्रेडच्या फाइलवरही त्यांचीच सही लागणार होती आणि ती मुदत ऑगस्टमध्ये होती. आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, प्रगती मांडायची तर तिथे गाइड बसणारच. गाइड बदलायच्या अर्जावर जुन्या गाइडच्या ना-हरकतीचा रकाना. दोन वर्षांत गोळा केलेल्या ३४० हर्बेरियम शीट्स, म्हणजे कागदावर चिकटवलेले वाळवलेल्या गवतांचे नमुने, ज्या कपाटात, त्याची किल्लीही त्यांच्याच खिशात.

तोपर्यंत आम्ही दोघी ‘सरांच्या मनात नक्की काय आहे’ याचाच काथ्याकूट करत होतो. हा कागद समोर आल्यावर तो बंद झाला. मनात काहीही असो, तिला स्पष्ट नाही म्हणण्याची मोकळीक नव्हती आणि हे त्यांना तिच्याइतकंच माहीत होतं. कायदाही हेतूपेक्षा याच बाजूने बघतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या पॉश कायद्यातल्या व्याख्येचा गाभा ‘नकोसं’ हा शब्द आहे. लैंगिक स्वरूपाचं नकोसं वागणं शारीरिक असो, बोलण्यातलं असो की न बोलता केलेलं, ते त्यात येतं. आणि त्याला जोडून कामात अडथळा किंवा नुकसानीची धमकी, उघड असो वा सुचवलेली, तीही येते.

मग मेसेज लिहायला घेतला. तिचा पहिला खर्डा बावीस ओळींचा होता. सुरुवात ‘माफ करा सर’, मध्ये ‘आपला गैरसमज नसावा’, शेवट ‘आपण मला वडिलांसारखे आहात’. माफी आणि गैरसमज काढायला ती लगेच तयार झाली. वडिलांवर मात्र अडली. आपल्याकडच्या मुलींची ही जुनी ढाल आहे. दादा, काका, वडील म्हटलं की माणूस लाजून मागे सरेल, असा विश्वास. मी म्हटलं, हेच वाक्य उद्या ते दाखवतील: बघा, तिनेच वडिलांसारखे म्हटलंय, मग वडील चौकशी करणार नाहीत का? शेवटी राहिलं ते एवढं:

“नमस्कार सर. माझ्या संशोधनाविषयीचं बोलणं विभागात कामाच्या वेळेत किंवा ईमेलवर व्हावं. रात्रीचे आणि व्यक्तिगत मेसेज मला नको आहेत, कृपया पाठवू नयेत. फील्डला मी यापुढे इतर संशोधकांबरोबर जाईन.”

कायद्याला असा लेखी नकार लागतोच असं नाही. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे आणि ‘हो सर’ म्हणजे तर नव्हेच. पण एक तारीख पक्की होते. त्या तारखेनंतर ‘मला कळलंच नाही’ म्हणता येत नाही. ज्यांना असं लिहिणं धोक्याचं वाटतं त्यांनी लिहू नये, थेट तक्रारीला जावं. ती वाटही तितकीच खरी. तिला मात्र आधी सांगून पाहायचं होतं.

मेसेज ११ जुलैच्या सकाळी गेला. त्याच रात्री शेवटचं एक उत्तर आलं: ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. इतकी जवळीक दिली ती चूकच झाली.’ त्यानंतर व्यक्तिगत असं काही नाही. दोन दिवस आम्हाला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी ड्राफ्ट परत आला, पहिल्या पानावर आडवा शेरा: अभ्यास वरवरचा. तोच ड्राफ्ट एप्रिलमध्ये ‘उत्तम’ होता आणि तो ईमेल तिच्याकडे होता. प्रोग्रेस रिपोर्ट टेबलावर पडून. विभागाच्या बैठकीत, तिच्याकडे न बघता, “काही लोकांना मेहनतीशिवाय डिग्री हवी असते.” एसआरएफची फाइल मागितली तर “घाई काय आहे?”

ती विभागप्रमुखांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. “लेखी काही देऊ नकोस, करिअरचा प्रश्न आहे. मी बोलतो त्याच्याशी. पंधरा दिवस दे.” पंधराचे तीस झाले. मध्ये नॅकच्या मूल्यांकनाची तयारी, मग गणपती. मग एका दुपारी तिला केबिनमध्ये बोलावलं, तर तिथे गाइडही बसलेले. तीन कप चहा आला. “समोरासमोर बसून मिटवून टाकू.” गाइड म्हणाले, “ही माझ्या मुलीसारखी आहे. मुलीला जेवलीस का विचारायचं नाही?” तिच्या खर्ड्यातून आम्ही काढलेलं नातं त्यांनी स्वतःच घालून घेतलं. विभागप्रमुख हसले. ती काही बोलली नाही. बाहेर येऊन तिने वहीत लिहिलं: ‘चहा झाला. मी अर्धा प्यायले. काही बोलले नाही.’

ही केबिनमधली बैठक नियमात कुठेच बसत नाही. समेट हा प्रकार कायद्यात आहे, पण तो कलम १० नुसार. चौकशी सुरू होण्याआधी, तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच, आणि तो घडवायचा समितीने. पैसे देऊन मिटवणं तर चालतच नाही. उच्च शिक्षण संस्थांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वेगळे विनियम आहेत, २०१५ चे, २ मे २०१६ ला लागू झालेले. त्यांत कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी समितीचं सदस्यच असू नये असं म्हटलंय. का, ते त्या तीन कपांकडे बघून कळतं. विभागप्रमुखाला विभाग चालवायचा असतो.

आता त्या वहीविषयी. वनस्पती गोळा करणाऱ्याला एक सवय लागलेली असते. रोप उपटण्याआधी क्रमांक, तारीख, ठिकाण, उंची, आजूबाजूला काय उगवलंय, सगळं जागेवर लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलं की फुलाचा रंग चुकतो. जूनमध्ये मी तिला म्हटलं, हेही तसंच लिही. तिने फील्डबुकासारखे रकाने आखले: क्रमांक, तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय म्हणाले, मी काय म्हणाले. जुनं आठवून लिहिलेल्या नोंदींपुढे तिने प्रामाणिकपणे ‘आठवणीतून’ असं लिहिलं. स्वतःचे ‘हो सर’ही लिहिले, हात जोडलेल्या चित्रांसकट. मला ते वगळावंसं वाटत होतं. तिने ऐकलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. चॅट आख्खी एक्सपोर्ट केली, कारण निवडक स्क्रीनशॉट दिले की ‘मधलं का नाही’ असं विचारलं जातं. प्रती स्वतःच्या ईमेलवर ठेवल्या, विद्यापीठाने दिलेल्या नाही. अशा एकूण २३ नोंदी झाल्या. चहाची तेविसावी.

मुदत तीन महिन्यांची असते, घटनेपासून. मालिका असेल तर तिच्यातल्या शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. आमच्यापुढे पेच होता: शेवटची घटना कोणती? ११ जुलैच्या रात्रीचं त्यांचं उत्तर की नंतरची अडवणूक? मी म्हटलं, ११ जुलै धरून चाल. हा हिशेब किती महत्त्वाचा होता ते नंतर कळलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या अध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने मुदतीबाहेरची ठरवली. शेवटचा छळ एप्रिल २०२३ चा, तक्रार डिसेंबरची. मधल्या काळातल्या प्रशासकीय कारवाया त्या मालिकेत धरता येणार नाहीत असं न्यायालयाने म्हटलं. त्याच निकालात, झालेलं विसरलं जाऊ नये म्हणून, हा निकाल कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग राहील असाही आदेश आहे. वाचून समाधान वाटतं. पण मुदत गेली ती गेलीच.

तक्रार द्यायची की नाही यावर आमचं भांडण झालं. मला त्यांना शिक्षा झालेली हवी होती. तिला डिग्री हवी होती. “मॅडम, तुम्हाला न्याय हवाय, मला सही हवीय.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोडगा विनियमांतच सापडला. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं, परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवा, अशी शिफारस समिती करू शकते. म्हणजे सही आधी हलवता येते, निकाल नंतर लागला तरी चालतो. तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदात तिने तेच मागितलं, तीन वाक्यांत: रिपोर्ट आणि एसआरएफच्या फाइलवर दुसऱ्या अधिकाऱ्याची सही, आरएसीमध्ये गाइडच्या जागी दुसरा सदस्य, शीट्सचं कपाट समितीच्या ताब्यात. पोलिसांत जायचा मार्ग वेगळा आणि खुला असतो. तो तिने नको म्हटलं.

२९ सप्टेंबरला, ऐंशीव्या दिवशी, सहा प्रतींत तक्रार दिली. पोच घेतली. पोचेवर तारीख नव्हती. ती परत गेली आणि शिक्का मारून घेतला.

चौकशीत काय निघालं ते मी लिहिणार नाही. पॉश कायद्याच्या कलम १६ ने त्याला बंदी आहे आणि ती बंदी तिच्याच भल्याची आहे. बाहेरून जेवढं दिसलं तेवढं सांगते. समितीत, विनियमांत आहे त्याप्रमाणे, विद्यार्थी प्रतिनिधी बसले होते. वकील कुणालाच नव्हता, तो नियमच आहे. अंतरिम शिफारस दोन आठवड्यांत आली आणि अडलेली फाइल हलली. चौकशीला ९० दिवसांची मर्यादा असते, ते जवळजवळ सगळे लागले. या संथपणावर मी चिडायचे. पण गोव्याच्या विद्यापीठातलं एक प्रकरण आठवून गप्प बसायचे. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या आणि त्यांवरून तिथल्या एका प्राध्यापकाला पुढे काढलं. चौकशी घाईत उरकली, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. घाईचा फायदा कुणाला होतो ते उघड आहे.

नवा गाइड शोधणं हे वेगळंच दुखणं. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार एवढेच संशोधक. जागा असलेले दोघे “तुमचं प्रकरण मिटू दे, मग बघू” म्हणाले. शेवटी परिसरशास्त्राच्या एका मॅडमनी घेतलं. त्यांच्याकडे पाच होते, ही सहावी. विषय आकसला, वर्गीकरण कमी, सड्यांचं परिसरशास्त्र जास्त. तो पावसाळा गेलाच होता. तक्रारीच्या कागदांच्या फोटोप्रती काढत असताना गवतं फुलून सुकून गेली.

शीट्स ताब्यात घेतल्या त्या दिवशी यादी करून, एकेक मोजून. ३४० पैकी ३३१ निघाल्या. नऊ कुठे गेल्या ते कुणी सांगितलं नाही. त्यांतल्या सहांच्या जोडप्रती, त्याच क्रमांकाच्या, तिने आधीच पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये दिल्या होत्या. तीन मात्र कायमच्या गेल्या.

‘लाडकी’ म्हणणाऱ्या मुलींपैकी एक पुढच्या ऑगस्टमध्ये तिच्याबरोबर सड्यावर गेली. माफीबिफी काही मागितली नाही. ब्लॉटिंग पेपरचं गाठोडं उचललं आणि चालू लागली.

घरी अजून काही माहीत नाही. वडील दर सणाला फोन करतात आणि ठेवताना विचारतात, “सरांना नमस्कार सांगितलास ना?” ती “हो” म्हणते. गाइड आता मॅडम आहेत हे सांगायचं दोनदा ठरवलं होतं, म्हणते. मग ‘का बदलले’ हा पुढचा प्रश्न आठवला.